रंजे, तू आमच्या बाजूची नव्हतीस

रंजे, तुझ्या शोकसभेत मी भांडून आले. माईक हातात घेऊन, भर सभेत भांडले. काय झालं ते सांगतेच, पण आधी लोकांनी तुझं काय करून ठेवलंय ते ऐक.

तू शांत होतीस म्हणे. कधी कोणाला उलटून बोलली नाहीस म्हणे. तू गेल्यापासून आपल्या कारंजा गावात जो भेटतो तो हेच सांगतो, आणि ही बाई कोण, मला ओळखू येत नाही. अवं, तुझा आवाज आपल्या क्लासच्या माडीवरून खालच्या बियाण्याच्या दुकानात जायचा. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, "थांबा जरा, मॅडमचा भागाकार चालू हाय." माणूस गेला की लोक त्याला धुऊन, इस्त्री करून घडी घालतात. मी तुला चुरगळलेलीच ठेवणार आहे. मला तू तशीच पाहिजे.

आणि हेही आत्ताच सांगून टाकते. तू गेलीस म्हणून आपल्या भांडणात तुझंच खरं होतं, असं मी म्हणणार नाही. रडून रडून माझे डोळे सुजलेत, पण मत तिथंच आहे.

आपल्या दोघींच्या बापांचे मळे एकाला एक लागून. सकाळी मेथीच्या जुड्या बांधायच्या, मग हाताचा हिरवा वास घेऊन शाळेत जायचं. बारावी झाल्यावर आपण दोघींनी डी.एड.साठी अर्ज केला. तुझा नंबर लागला. माझा नाही. तू मास्तरकी शिकायला गेलीस, मी इथंच बी.एस्सी. केली आणि बाबांच्या ओसरीवर शेजारची लेकरं घेऊन बसले. त्या ओसरीचा पुढं माडीवरचा क्लास झाला. तू डी.एड. केलंस, बी.ए. केलंस, वर बी.एड. केलंस आणि नोकरीची वाट पाहत बसलीस. भरती आज निघेल, उद्या निघेल. मधे एका खासगी शाळेत राबलीस. लग्न झालं, प्रकाशभाऊजींचा मळाही आपल्याच शिवेवर, म्हणून तू गावातच राहिलीस. आणि एक दिवस मी तुला म्हटलं, माझ्याकडं ये शिकवायला.

पहिल्याच दिवशी तू माडीवर उभी राहून विचारलंस, "तुझ्याकडं कोन कोन शिकवते?"

मी सांगितलं. एक इंजिनिअर झालेला, एक एम.कॉम., एक माझ्यासारखी बी.एस्सी.

"ते झालं. पण शिकवनं शिकलेलं कोन हाय?"

"ते काय वेगळं शिका लागते का?"

तू माझ्याकडं असं पाहिलंस, जसं मी तुझ्या घरी येऊन तुझा स्वयंपाक नावाजला नाही, उलट विचारलं की हे खातात का. तिथून आपलं जे सुरू झालं, ते अकोल्याच्या दवाखान्यापर्यंत चाललं.

तुला आरती आठवते. सातवीतली, बोंदरेंच्या मळ्यातली. गणिताला अक्षय होता, आपला इंजिनिअर. काय शिकवायचा पोरगा! पहिल्या दोन बाकांवरची मुलं त्याच्यामागं पळायची. फळा भरभर भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. आरती मागं बसायची आणि एक दिवस यायचीच बंद झाली. मी तिच्या आईला विचारलं तर आई म्हणाली, "तिच्यात डोकंच नाही मॅडम, उगा कायले बसवू?" मी सोडून दिलं. गळतात काही. प्रत्येक क्लासात गळतात.

तू सोडलं नाहीस. संध्याकाळी परत जाताना वाट वाकडी करून मळ्यात गेलीस. पोट्टी पालकाच्या वाफ्याला पाणी देत होती. तू बांधावर बसलीस आणि तिला वजाबाकी घातलीस, पाचशे तीनमधून दोनशे अठ्ठ्याहत्तर. तिचं उत्तर आलं तीनशे पंच्याहत्तर. मी असते तर म्हटलं असतं, चूक, हातचा घे. अक्षय असता तर स्वतःच सोडवून दाखवली असती. तू विचारलंस, "तू हे कसं केलं, मले सांग ना."

आणि तिनं सांगितलं. मोठ्यातून लहान वजा करायचं असतं. म्हणून आठातून तीन काढले, पाच. सातातून शून्य, सात. पाचातून दोन, तीन. वर काय, खाली काय, तिला फरकच नव्हता. पहिलीदुसरीत कोणीतरी सहज बोलून गेलं होतं, "मोठ्यातून लहान वजा करा लागते." पोरीनं ते मनावर घेतलं. इतकी वर्षं ती एक नियम प्रामाणिकपणे पाळत होती आणि तेवढ्यासाठी तिला सगळे ढ म्हणत होते.

तू धावत माडीवर आलीस मला सांगायला. पायाला चिखल, साडीला चिखल. मी ऐकून घेतलं आणि काय म्हटलं आठवतं? म्हटलं, "पाह्य रंजे, तिले हे ज्यानं सांगितलं तो शाळेतला मास्तर व्हता. शिकलेला, सवरलेला, ट्रेनिंगवाला. तुझ्याच जातकुळीचा."

"व्हय, त्यानंच सांगितलं. पण सापडलं कोनाले?"

"तुले. तुझ्या डी.एड.ले नाही."

"डी.एड.मंदीच शिकवलं मले हे, शोभे. लेकराची चूक दिसली की लाल पेन उचलाचा नाही. इचाराचं, तू हे कसं केलं. हे आईच्या पोटातून नाही येत. मलेबी नव्हतं येत."

मी चहा सांगितला.

आरती परत आली, हे मी सगळ्यांना सांगते. ती पुढं बोर्डात बिर्डात आली, असं काही झालं नाही, हेही सांगते. ती पास होत गेली. वर्गात हात वर करायला लागली. तुझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

मग ती वाशीमची सभा. जिल्ह्यातल्या क्लासवाल्यांची. कुठूनतरी बातमी आली होती की आता शिकवणीला नोंदणी लागेल आणि शिकवणारे शिक्षणशास्त्र शिकलेले लागतील. खरी किती, खोटी किती, कोणाला ठाऊक नव्हतं, पण सगळे धावत आले होते. बोलायला मला उभं केलं. तू म्हणालीस, मीबी येते. आपण एस.टी.नं गेलो, तू खिडकीत बसलीस, वाटेत उतरून तू दोन पेरू घेतलेस. मला वाटलं, मैत्रीण म्हणून येते आहे.

मी चांगली बोलले, रंजे. आजही म्हणते, चांगली बोलले. म्हटलं, शाळेत सगळे डिग्रीवाले आहेत ना? मग लेकरं आमच्याकडं का येतात? ते शिकवत असते तर आमच्या माड्या ओस पडल्या असत्या. पालक आमचं काम पाहतात, आमचा कागद नाही. टाळ्या पडल्या. मालेगावचे एक सर तर उभे राहिले.

आणि मग मागून तू उठलीस. "मी याच मॅडमच्या क्लासात शिकवते," म्हणालीस. सगळ्या माना मागं वळल्या.

"एस.टी.वर डायवर ठेवतानी लायसन पाहतात. अन् लेकराच्या पुढं मानूस उभा करतानी फक्त येवढंच पाहाचं का, की तो मोकळा हाय?"

मागून एकजण ओरडला, "मॅडम, लायसनवालेच जास्त ठोकतात!" हशा पिकला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

तू हशा ओसरायची वाट पाहिलीस. मग म्हणालीस, "ठोकतात. म्हून तुमी तुमचं लेकरू बिनलायसनवाल्याच्या गाडीत बसवान का?" तू माझ्याकडं वळलीस. "शोभा मॅडम म्हनतात शाळेत शिकवत नाहीत म्हून लेकरं आपल्याकडं येतात. खरं हाय. तं मंग आपन शेवटचं दार हाय त्यायचं. या दाराच्या आतबी शिकवता येनारं कोनी नसलं, तं ते लेकरू पुढं कुठं जाईन?"

तू खाली बसलीस. तुला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानले.

परतीच्या गाडीत मी तुला बोलायचं ते बोलले. माझ्याच लोकांत माझं नाक कापलंस म्हटलं. माझं मीठ खाऊन, असंही म्हणायला निघाले होते, तेवढं गिळलं. तू खिडकीबाहेर पाहत ऐकून घेतलंस आणि मग अगदी सावकाश म्हणालीस, "शोभे, तुले डी.एड.चा राग हाय. काहून तं तुझा नंबर लागला नव्हता."

गाडी कारंज्याला लागली. उतरताना तू माझी पिशवी खाली दिलीस, मी घेतली, आणि आपण दोन दिशांना गेलो.

मला वाटलं, संपलं. आता ही यायची नाही. दुसऱ्या दिवशी पाचच्या बॅचला तू फळ्यापुढं हजर. खडू मोडत होतीस. मला म्हणालीस, "फडकं कुठं ठेवलं वं?" मी फडकं दिलं. एवढंच. आपण माफी मागितली नाही, दिली नाही. दुसऱ्या कोणाशी माझं असं निभलं नसतं.

पण गाडीतल्या त्या वाक्याचं उत्तर राहिलं ना, रंजे. मी दवाखान्यात देणार होते.

डोकं दुखतं, डोकं दुखतं, तू कधीपासून म्हणत होतीस. आम्ही म्हणायचो, चष्मा बदल. मग मळ्यातच पडलीस. भाऊजींनी अकोल्याला नेलं. मी आले तेव्हा तू बोलत होतीस, तोंड जरा वाकडं झालं होतं, पण बोलत होतीस. मला पाहून पहिलं काय विचारलंस?

"पाचची बॅच कोन घेऊन राह्यलं?"

"अक्षय."

तू डोळे मिटलेस. पुन्हा उघडलेस. "तो फळ्याशीच बोलते वं."

"तू बरी हो. मंग भांडू," मी म्हटलं.

"भांडाच लागीन," तू म्हणालीस. त्यावर सिस्टरनं मला बाहेर काढलं. भाऊजी बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ठरवलं, आता नको, दमली आहे, उद्या बोलू. उद्या तू शुद्धीत नव्हतीस. परवा तू नव्हतीस.

तर ते उत्तर आता ऐक. हो, मला राग होता. यादीत तुझं नाव होतं आणि माझं नव्हतं, आणि मी तुला पेढा भरवून घरी आले आणि मळ्यातल्या विहिरीमागं जाऊन रडले. तुला ते तेव्हाच कळलं असणार, तू कधी बोलली नाहीस. राग होताच. पण रागातून निघालेलं म्हणणं खोटंच असतं असं नाही ना? ज्या मुलीचा नंबर लागत नाही तिनं शिकवूच नये का? तुझ्यासारख्या कितीजणी डी.एड. करून घरी बसल्या आणि माझ्यासारख्या कितीजणी डी.एड.शिवाय उभ्या राहिल्या. मला कोणी शिकवणं शिकवलं नाही, हा माझा गुन्हा नव्हता. मी मोडतमोडत शिकले. त्यात कोणाची लेकरं मोडली, हे तू विचारशील. विचार. तो प्रश्न मला झोंबतो, आणि झोंबतो म्हणूनच मी इतकी मोठ्यानं बोलते.

आता शोकसभेचं. क्लासवाल्यांनीच ठेवली. तुझा फोटो, हार, उदबत्ती, सगळं नीट. भाऊजी पहिल्या रांगेत, धुतलेल्या शर्टात, हात मांडीवर ठेवून. आणि अध्यक्ष उठले, तेच, वाशीमला आभार मानणारे. म्हणाले, "स्वर्गीय रंजनाताई या खासगी शिकवणी क्षेत्राच्या खंबीर पाठीराख्या होत्या. आपल्यावर जेव्हा जेव्हा जाचक नियमांचं संकट आलं, तेव्हा तेव्हा त्या आपल्या पाठीशी उभ्या राहिल्या." माना डोलल्या. वाशीमला तुझ्यावर हसलेला माणूसही तिथं मान डोलवत होता.

माझ्या डोक्यात जाळ झाला. अध्यक्ष खाली बसायच्या आत मी माईकपाशी गेले.

म्हटलं, "रंजना आपल्या पाठीशी नव्हती. ती आपल्या विरुद्ध होती. तुम्ही सगळे हॉलमधे होता. ती उभी राहून म्हणाली की शिकवणं शिकलेला माणूसच लेकरापुढं उभा करा, आणि आपण हसलो. मीही हसले. तिचं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण ते तिचं होतं. जिवंत होती तोवर तिला पक्की नोकरी मिळाली नाही, मान मिळाला नाही. निदान तिचा विरोध तरी तिच्याकडून हिसकावून घेऊ नका."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलायचं नसतं."

"खोटं बोलायचं असतं का?" मी म्हटलं.

कोणीतरी माईक बंद केला. मग मी तशीच बोलले. ओसरीवर शिकवलेलं आहे मी, मला माईक लागत नाही. आरतीची गोष्ट सांगितली, वजाबाकीसकट. पुढच्या रांगेतल्या एका तरुण सरांनी बोटावर ती वजाबाकी करून पाहिली, हे मी पाहिलं. मग दोन मिनिटं उभं राहायचं झालं, सगळे उभे राहिले, आणि त्या दोन मिनिटांत मला तुझी अशी आठवण आली की मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

जिन्यात भाऊजी थांबले होते. मला वाटलं, रागावले असतील. चार लोकांत तमाशा केला मी त्यांच्या बायकोच्या नावानं. ते चपला घालत खालीच पाहत म्हणाले, "मले वाटलं व्हतं, आज तुमीबी गोडच बोलसान."

"नाही भाऊजी."

"बरं केलं. सकायपासून मी ऐकून राह्यलो, अन् मले वाटे, हे कोनाबद्दल बोलून राह्यले?" आम्ही दोघं तिथं जिन्यात उभे राहिलो, वरून लोक उतरत होते, आणि आम्हाला बाजूला व्हायचंही सुचलं नाही.

आता क्लासचं सांगते, कारण तू तेच विचारशील. पाचच्या बॅचला मी कल्पना नावाची मुलगी घेतली. माहेर रिठदचं, इथं दिलेली. डी.एड. झालेली, तुझ्यासारखीच घरी बसलेली. पहिल्या दिवशी ती फळ्याकडं गेलीच नाही. खाली मुलांत बसली आणि त्यांनाच विचारत बसली. मला घड्याळाकडं पाहून चीड येत होती, धडा कधी सुरू करते म्हणून. नंतर कळलं, धडा सुरू झालेलाच होता.

आणि अक्षयला मी सांगितलं, रोज पाच वाजता मागच्या बाकावर बसायचं आणि पाहायचं.

तो लाल झाला. "मॅडम, मी इंजिनिअर हाय."

"माहीत हाय. म्हून तं मागं बसवून राह्यली, बाहेर नाही काढून राह्यली."

"अन् कितीक दिवस?"

"जोवर मी बसते तोवर. मीबी बसनार हाय."

बसते मी, रंजे. बाक लहान आहे, गुडघे अडकतात, मुलं वळूनवळून पाहतात आणि हसतात. अक्षय आधी फोन काढून बसायचा. मग फोन खिशात गेला. काल बॅच सुटल्यावर तो जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, मागून पाहिलं की वर्ग येगळाच दिसते. ती खिडकीतली दोन पोरं पूर्ण तासात तोंड नाही उघडत. मले कधी दिसलीच नाही." मी फडकं झटकायला परत वर गेले. बोलले असते तर रडले असते.

तू म्हणशील, शोभे, हे अर्धंच झालं. क्लासाचा नियम कर, बाहेर पाटीवर लिही की इथं शिकवणं शिकलेलेच शिकवतात, आणि बाकीच्यांना घरी पाठव. नाही पाठवत. अक्षयला काढणार नाही आणि स्वतःलाही काढणार नाही. ज्यांना कोणी दार उघडलं नाही, त्यांच्यावर मी दार लावणार नाही. अर्धंच झालंय, मला दिसतंय. उरलेल्या अर्ध्यासाठी तू माझ्याशी भांडायला पाहिजे होतीस.